एकोणशंभर का नाही?

गेल्या दिवाळीत पिंगळीला आमच्या घरी घडलेला एक साधा प्रसंग प्रथम सांगतो. माझ्या भावाची सहा वर्षांची मुलगी ओसरीवर बसून मोठ्याने अंक म्हणत होती. ऐंशीच्या घरात थोडी अडखळली, पण पुढे तिने वेग घेतला. "सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर!" ओसरीवरची सगळी मंडळी हसली. आजी म्हणाली, "अगं, एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव म्हणावं." मुलीने माझ्याकडे वळून विचारले, "का हो काका?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो. मुलांच्या 'का' या प्रश्नाची मला सवय आहे. पण या 'का'ला मला चटकन उत्तर देता आले नाही.

मुलीचे काय चुकले होते ते पाहा. एकोणीस म्हणजे विसाला एक उणा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद: एकच नियम ओळीने आठ वेळा तिच्या कानावर पडला. आठ वेळा जो नियम खरा ठरला तो नवव्या वेळीही खरा ठरेल, असे तिने मानले. प्रयोगशाळेत आपणही याहून वेगळे काय करतो? तिचा तर्क अचूक होता. नावे ठेवणाऱ्यांनी मात्र नवव्या वेळी नियम मोडला होता. गंमत म्हणजे संस्कृतात नव्व्याण्णवला 'नवनवति' याबरोबरच 'एकोनशतम्' असेही नाव आहे. म्हणजे मुलीने जे नाव 'चुकून' घडवले, ते फार पूर्वी कोणीतरी घडवून ठेवलेले होते.

आता तुम्ही म्हणाल, हा तर भाषेचा विषय झाला. तसा तो आहेच. पण हेच दुखणे आज संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना रोज छळते आणि त्यापायी केवळ हसे होऊन भागत नाही. ते कसे, हे समजण्यासाठी आधी 'लायब्ररी' म्हणजे काय ते पाहू.

प्रोग्रॅम लिहिणारा माणूस प्रत्येक गोष्ट मुळापासून लिहीत नाही. वर्गमूळ काढणे, अक्षरांच्या ओळीत एखादा शब्द शोधणे, तारखेवरून वार काढणे अशी कामे हजारो जणांना लागतात. ती एकदा कोणीतरी नीट लिहून ठेवतो आणि बाकीचे वापरतात. अशा लिहून ठेवलेल्या कामांना 'फंक्शन' म्हणतात आणि त्यांच्या संग्रहाला 'लायब्ररी'. ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली 'एडसॅक' नावाचा संगणक चालू झाला. त्याच्यासाठी अशी कामे छिद्रे पाडलेल्या कागदी फितींवर लिहून जपून ठेवलेली असत. ज्याला जी हवी ती फीत काढायची आणि तिची नक्कल आपल्या फितीत जोडायची. त्या फितींना विषयवार अक्षरे दिलेली होती; छपाईच्या फितींना 'पी' हे अक्षर होते. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ साली यावर पुस्तकही लिहिले. संग्रह केला की नावे ठेवावी लागतात, हे पहिल्याच पिढीच्या ध्यानात आले होते.

लायब्ररी वापरणाऱ्याला तिच्या आतले काही दिसत नाही. किराणा दुकानासारखाच हा प्रकार आहे. गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभे असते. कोणता डबा कुठल्या फळीवर आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याची गरजही नसते. तो फक्त नाव आणि माप सांगतो: "साखर, दोन किलो." या काउंटरला संगणकाच्या भाषेत 'इंटरफेस' म्हणतात. इथे सगळा व्यवहार नावावर चालतो. नावे नीट असतील तर गिऱ्हाइकाने पूर्वी कधी न घेतलेली वस्तूही त्याला मागता येते. कशी ते पाहा.

आमची पिंगळी ही परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आहे. याच मार्गावर परभणीच्या दुसऱ्या बाजूला 'मानवत रोड' हे स्टेशन लागते. मानवतला कधीही न गेलेला, पण रेल्वेने हिंडलेला माणूस ही पाटी वाचून ओळखतो की स्टेशनावर उतरल्यावर गाव लगेच लागणार नाही, पुढे रस्त्याने जायला वाहन पाहावे लागेल. कारण भारतीय रेल्वेत स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' आले की त्याचा बहुधा हाच अर्थ असतो. 'परभणी जंक्शन' वाचले की इथे दुसरा मार्ग फुटतो हे कळते. गावांच्या नावांतही अशी सोय आहे. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात आणखी पिंगळ्या आहेत, एक बुद्रुक आणि एक खुर्द. 'बुद्रुक' आणि 'खुर्द' हे शब्द फारसीतून आले. पहिल्याचा मूळ अर्थ मोठे, दुसऱ्याचा लहान. महाराष्ट्रात कुठेही जा, ही जोडी त्याच अर्थाने भेटते. एक नियम कळला की शेकडो नावे फुकट कळतात. नावांतल्या सुसंगतीचा हा खरा फायदा आहे: जे कोणी सांगितले नाही तेही वापरणाऱ्याला ओळखता येते.

आता लायब्ऱ्यांकडे या. पायथन या भाषेत कशाचीही लांबी हवी असेल तर 'लेन' हे एकच फंक्शन आहे. शब्दात अक्षरे किती? लेन. यादीत नावे किती? लेन. कोशात नोंदी किती? तेही लेन. जावा या भाषेत मात्र तीन तऱ्हा आहेत. ओळीने मांडलेल्या संख्यांच्या संचाला 'लेंग्थ' विचारायचे, पण कंस न लावता. शब्दाला 'लेंग्थ' विचारायचे ते कंस लावून. आणि यादीला विचारायचे 'साइज'. प्रश्न एकच, 'तुम्ही किती जण आहात?', पण घराघरात तो वेगळ्या शब्दांत विचारावा लागतो. जावा शिकणारे माझे विद्यार्थी पहिले सहा महिने यात ठेचकाळतात. सुदैवाने ही ठेच हलकी असते, कारण चुकीचे नाव लिहिले तर संगणक लगेच ओरडतो.

याहून वाईट गोष्ट क्रमाची. पीएचपी नावाच्या भाषेत एका मजकुरात दुसरा मजकूर शोधण्याचे एक फंक्शन आहे. आधी कडब्याची गंजी द्यायची, मग सुई. त्याच भाषेत यादीत एखादी वस्तू आहे का हे पाहण्याचेही फंक्शन आहे. तिथे आधी सुई, मग गंजी! (या भाषेच्या माहितीपुस्तकातच सुई आणि गंजी हे शब्द वापरले आहेत, मी पदरचे घातलेले नाहीत.) वर्षानुवर्षे काम केलेली माणसेसुद्धा प्रत्येक वेळी माहितीपुस्तक उघडून क्रम तपासतात. तिथली काही नावे शब्दांमध्ये खालची रेघ देऊन लिहिली आहेत, काही जोडून. असे का झाले, याचे एक मजेदार कारण या भाषेचे जनक रास्मुस लेर्डॉर्फ यांनी २०१३ साली स्वतःच सांगितले. अगदी सुरुवातीला नावे साठवताना नावात अक्षरे किती यावरून त्यांचे गट पडत. सगळी नावे एकाच लांबीची झाली असती तर शोध मंदावला असता. म्हणून मुद्दाम लहानमोठ्या लांबीची नावे निवडली गेली. त्या काळी ही भाषा मूठभर लोकांची होती. पुढे ती जगभर पसरली; ते कारण केव्हाच संपले, नावे मात्र राहिली.

सी भाषेतही असेच आहे. फाइलमध्ये लिहिण्याच्या एका फंक्शनाला फाइलचे नाव प्रथम द्यावे लागते, दुसऱ्याला शेवटी. आणि युनिक्स या प्रणालीत नवी फाइल 'निर्माण' करण्याच्या आज्ञेतून इंग्रजी 'क्रिएट'चे शेवटचे 'ई' अक्षर गळलेले आहे, ते गेल्या पन्नास वर्षांत कोणी परत बसवलेले नाही.

आता आमच्या पिंगळीच्या पावसाची गोष्ट.

सुट्टीच्या दिवशी गावातली पाच-सहा मुले माझ्याकडे संगणक शिकायला येतात. त्यांतल्या दहावीच्या एका मुलाने घरच्या शेतात साधे पर्जन्यमापक बसवले होते. रोज सकाळी पाणी मोजायचे आणि वहीत मिलिमीटरमध्ये लिहायचे. पावसाळा संपल्यावर त्याने ही सगळी वही जावास्क्रिप्ट भाषेतल्या एका प्रोग्रॅममध्ये भरली आणि आलेख काढला. शिवाय एक हुशारी केली. आपल्याकडे ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला परभणीचे कृषी विद्यापीठ देते. त्याने एकूण पाऊस जिथे ७५ मिलिमीटर ओलांडतो त्या दिवशी आलेखावर हिरवी खूण उमटेल अशी व्यवस्था केली. हा आलेख त्याला विज्ञान प्रदर्शनात मांडायचा होता.

प्रदर्शनाला दोन दिवस असताना त्याने तो आजोबांना दाखवला. आजोबांनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, "आरं, मिरगाचा पाऊस आखाडात कवा पडला?"

आलेखातला पहिला मोठा पाऊस जुलैत दिसत होता. हिरवी खूणही जुलैत. वहीत मात्र सगळे जूनमध्ये होते. या आलेखावर विसंबून कोणी पेरणीचा हिशेब केला असता तर तो महिनाभर चुकला असता आणि कोरडवाहू शेतात महिनाभर उशिरा टाकलेले बियाणे काय देते, हे इथल्या कोणालाही विचारा. मुलगा रडकुंडीला आला. प्रोग्रॅम कुठेही अडला नव्हता. एकही चूक संगणकाने दाखवली नव्हती.

तो माझ्याकडे आला तेव्हा मलाही आधी काही कळेना. मग आम्ही आलेख दिवसादिवसाने वाचू लागलो आणि एक विचित्र गोष्ट दिसली. वहीतल्या ३१ ऑगस्टचा पाऊस आणि १ सप्टेंबरचा पाऊस, दोन्ही एकाच तारखेवर पडले होते: १ ऑक्टोबर! आणि आलेखातला ३१ जुलै हा दिवस रिकामा होता. दोन दिवस एका जागी आले की समजावे, कोणीतरी महिन्यांच्या लांबीशी खेळले आहे.

उलगडा असा. जावास्क्रिप्टमध्ये तारीख तयार करताना वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे द्यायचे असतात. वर्ष नेहमीसारखे. दिवस १ ते ३१, नेहमीसारखा. पण महिना ० ते ११! जानेवारी म्हणजे शून्य. मुलाने जूनसाठी ६ लिहिले. संगणकाने त्याला जुलै मानले. ऑगस्टसाठी ८ लिहिले ते सप्टेंबर झाले. सप्टेंबरला ३१ तारीख नसते. तिथे संगणक ओरडेल असे वाटते ना? नाही. तो निमूटपणे एक दिवस पुढे सरकतो आणि १ ऑक्टोबर धरतो. मुलाने ९ लिहिलेला सप्टेंबर तर ऑक्टोबर झालेलाच होता. म्हणून ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर यांची गाठ पडली. आणि जूनला ३१ तारीख नसल्यामुळे, जून ज्या जुलैवर जाऊन बसला त्याचा शेवटचा दिवस रिकामा राहिला.

ही तऱ्हा जावास्क्रिप्टच्या कर्त्याने १९९५ साली जावाकडून घेतली आणि ती त्याहून जुन्या सी भाषेत होती. तिचे कारणही समजण्यासारखे आहे. संगणकाच्या भाषांत यादीची मोजणी बहुधा शून्यापासून होते. महिन्यांना नावे असतात, ती यादीत मांडलेली असतात, म्हणून महिन्याचा आकडा शून्यापासून असला की यादीतून नाव काढणे सोपे. दिवसांना नावे नसतात, म्हणून ते एकपासून. म्हणजे आत बसलेल्या दुकानदाराची फळी लावण्याची सोय काउंटरवर गिऱ्हाइकाच्या माथी मारली गेली. माझ्या मते अशा सोयी आतच ठेवाव्यात.

याच तारखेच्या घराण्यात आणखी दोन नग आहेत. तारीख विचारण्याचे फंक्शन 'गेट-डेट' आणि वार विचारण्याचे 'गेट-डे'. इंग्रजीत 'डे' म्हणजे दिवसही आणि वारही, म्हणून हा घोटाळा. मराठीत 'तारीख' आणि 'वार' असे दोन स्वच्छ वेगळे शब्द आहेत. हे फंक्शन मराठी माणसाने लिहिले असते तर ही एक अडचण तरी टळली असती. दुसरे 'गेट-इयर'. नाव सांगते 'वर्ष घे', पण देते १९०० नंतर किती वर्षे झाली तो आकडा. १९९९ साली ९९ मिळे. लोक त्याच्या आधी '१९' चिकटवून मोकळे होत. १ जानेवारी २००० रोजी हा आकडा १०० झाला आणि अनेक ठिकाणी पडद्यावर वर्ष उमटले: १९१००.

महिना, दिवस यांत निदान आजोबा तरी चूक पकडू शकतात. भौतिक राशींमध्ये ते कठीण असते. तुमच्या शाळेत संगणक असेल तर आकडेमोडीच्या तक्त्यात ज्या ३० अंशाची साइन लिहून पाहा. पुस्तक सांगते ०.५. संगणक सांगेल उणे ०.९८८. संगणक बिघडलेला नाही. तिथले 'साइन' हे फंक्शन कोन रेडियनमध्ये मागते आणि एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. तुम्ही ३० रेडियनची साइन विचारलीत. गणिताच्या दृष्टीने रेडियन योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फंक्शनाच्या नावात एकक कुठेही दिसत नाही, ही तक्रार आहे. उत्तरपत्रिकेत एकक न लिहिणाऱ्याचा मी अर्धा गुण कापतो. मुलांना तो जाच वाटतो. त्यांना मी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर'ची गोष्ट सांगतो.

हे यान अमेरिकेच्या 'नासा'ने ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे पाठवले. वाटेत यानाची छोटी इंजिने अधूनमधून क्षणभर चालवावी लागत. प्रत्येक वेळी यानाला किती आवेग मिळाला याचे आकडे पृथ्वीवरचा एक प्रोग्रॅम काढून दुसऱ्याला देत असे. घेणाऱ्याचा समज होता की आकडे न्यूटन-सेकंदांत आहेत. देणारा देत होता पौंडबल-सेकंदांत. एक पौंडबल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. इंजिनांचा परिणाम दर वेळी साडेचार पटींनी कमी धरला जात होता आणि नऊ महिने ही चूक साचत गेली. आकड्यांबरोबर एकक जात नव्हते, म्हणून ती दिसत नव्हती. मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे ते यान सुमारे ५७ किलोमीटरवर जाऊन पोचले. इतक्या खाली वातावरणाचा मारा ते सोसू शकणार नव्हते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याचा संपर्क तुटला, तो कायमचा.

तर मग चुकीची नावे सरळ बदलून का टाकत नाहीत? इथे खरी अडचण सुरू होते आणि तिचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात संख्यावाचनाची एक वेगळी रीत आली. एकवीसला 'वीस एक', त्रेपन्नला 'पन्नास तीन'. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. जुनी नावे काढून टाकलेली नव्हती, दोन्ही रीती दिल्या होत्या. तरीही राज्यभर गदारोळ झाला. वृत्तपत्रांत पत्रे आली, विनोद झाले, विधिमंडळातही विषय निघाला.

नव्या रीतीची बाजू आधी पाहू. त्रेपन्न लिहिताना आधी ५ लिहायचा, मग ३. बोलताना मात्र आधी तीन येतो ('त्रे'), मग पन्नास. लहान मूल ऐकून ३५ लिहिते यात नवल नाही. शिवाय हा 'तीन' दर घरात रूप बदलतो: तेवीस, त्रेचाळीस, त्र्याहत्तर. 'दोन' तर बहुरूपीच: बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी. इंग्रजीत शून्य ते नव्याण्णव म्हणायला २८ शब्द पाठ असले की पुरतात. मोजून पाहा: शून्य, एक ते एकोणीस, आणि वीस ते नव्वद अशी आठ दशके. मराठीत नियम थोडा दिसतो आणि लगेच मोडतो, म्हणून शंभरच्या शंभर नावे पाठ करावी लागतात. नव्या रीतीने मराठीतही २८ पुरतात. आपल्या शेजारच्या तेलुगूत आणि कन्नडमध्ये 'वीस एक' अशीच रीत पहिल्यापासून आहे.

पण दुसरी बाजूही खरी आहे. 'पन्नास तीन' एवढेच शिकलेले मूल बाजारात गेले आणि भाजीवाल्या मावशी "त्रेपन्न रुपये झाले" म्हणाल्या, तर ते काय करील? नावे एकट्या पुस्तकात राहत नाहीत. ती आजीच्या तोंडी, घड्याळात, भाड्यात, पाढ्यांत राहतात. हजारो ठिकाणी वापरात असलेले नाव बदलले की त्या हजारो ठिकाणांशी बोलणे तुटते.

लायब्ररी लिहिणाऱ्यांपुढे नेमका हाच पेच असतो. पायथनच्या मंडळींनी २००८ साली तिसरी आवृत्ती काढली आणि त्यात बरीच विसंगत नावे सरळ केली. उदाहरणार्थ, काही संग्रहांची नावे मोठ्या अक्षराने सुरू होत आणि काहींची लहान, ती सगळी लहान केली. सुधारणा रास्त होती. पण जुने प्रोग्रॅम नव्या आवृत्तीत चालेनात. लोकांनी जुनी आवृत्ती सोडली नाही. अखेर १ जानेवारी २०२० पासून जुनीची देखभाल थांबली. म्हणजे दोन्ही आवृत्त्या अकरा वर्षे शेजारी-शेजारी नांदल्या आणि शिकणाऱ्यांना दोन्ही शिकाव्या लागल्या. जावास्क्रिप्टने दुसरा मार्ग धरला. ते १९१०० वाले 'गेट-इयर' आजही काढलेले नाही. 'गेट-फुल-इयर' असे नवे नाव शेजारी आणले आणि जुने वापरू नका अशी सूचना लिहिली. बालभारतीनेही दोन्ही रीती शेजारी ठेवल्या, हे मला त्यामुळेच शहाणपणाचे वाटले. कोणती टिकते ते आजच्या दुसरीतल्या मुलांची मुले ठरवतील.

एक गोष्ट मात्र मला या सगळ्यात फार मनोरंजक वाटते. साडेतीन, साडेचार, साडेपाच असा नियम असताना दीड आणि अडीच हे दोनच नियमाबाहेर का? लहान मुले हटकून 'साडेदोन' म्हणतात. पण ती लवकर सुधारतातही, कारण दीड आणि अडीच दिवसातून दहा वेळा कानावर पडतात. जे नाव सतत वापरात असते त्याला वेडेवाकडे असणे परवडते. जे क्वचित लागते ते मात्र नियमात बसणारेच हवे, कारण ते पाठ नसते, ओळखावे लागते. लायब्ररीतल्या रोजच्या दोन-चार फंक्शनांची नावे आखूड, विचित्र असली तरी चालून जाते. वर्षातून एकदा लागणाऱ्या फंक्शनाने नियम मोडला की घात होतो. माझ्या पुतणीला नव्व्याण्णव भेटते ते कधी? शंभरपर्यंत मोजायचे तेव्हाच.

आमच्या पावसाच्या आलेखाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मुलाने महिन्यातून एक वजा केला आणि हिरवी खूण जूनमध्ये परत आली. प्रदर्शन पार पडले. त्यानंतर या मुलांनी ठरवले की हवामानाची स्वतःची छोटी लायब्ररी लिहायची आणि नावे मराठीत ठेवायची. पायथन आणि जावास्क्रिप्ट दोन्हींत देवनागरी नावे चालतात. पहिल्याच दिवशी भांडण झाले. एकाने 'पाऊस' लिहिले, दुसऱ्याने 'पाउस'. संगणकाला ही दोन वेगळी नावे. मग त्यांनी भिंतीवर एक कागद लावला आणि नियम लिहिले: शब्द कोशातल्याप्रमाणे लिहायचा, राशीच्या नावामागे खालची रेघ देऊन एकक जोडायचे. 'पाऊस_मिमी', 'तापमान_सेल्सिअस' अशी नावे झाली. महिना १ ते १२, हे तर लाल शाईने.

सध्या वाद अडला आहे तो वाऱ्यावर. आठवड्याच्या दिवसासाठी 'वार' हे नाव आधीच देऊन झाले आहे. आता वाऱ्याच्या वेगासाठी 'वारा_किमी_तास' असे एकाने सुचवले. नववीतली एक मुलगी म्हणते, 'वार' आणि 'वारा' यांत एका कान्याचाच फरक आहे, घाईत कोणीतरी नक्की चुकेल. वाराचे नाव बदला. बाकीचे म्हणतात, 'वार' आता सतरा ठिकाणी वापरला आहे, बदलायचा तर सगळीकडे बदलावा लागेल. मुलीने सतरा ठिकाणे स्वतः बदलण्याची तयारी दाखवली आहे. पुढच्या रविवारी निकाल लागायचा आहे.